पेठ, संते आणि बाजाराचा वार

'बाजार' हा शब्द फारसी. 'हाट' हा संस्कृत 'हट्ट'पासून आलेला. 'पेठ' आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, पण तिचे नाते कानडी 'पेटे'शी आहे. आठवड्याच्या बाजाराला कानडी माणूस 'संते' म्हणतो आणि घाट उतरून गोव्यात गेले की त्याच जागेचा 'तिंटो' होतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे सगळे शब्द समजतात आणि तो गिऱ्हाईक पाहून त्यांतला हवा तो वापरतो. कोशकारांना जे जमले नाही ते आमच्या भाजीवाल्या बायकांनी कधीच करून टाकले आहे.

इतिहास शिकवताना आम्ही मुलांना लढाया सांगतो, तह सांगतो, राजांच्या वंशावळी पाठ करून घेतो. पण ज्या बाजाराच्या दिवशी वर्गातली निम्मी बाके रिकामी राहतात, त्या बाजाराचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींतही येत नाही. बाजार कोणी सुरू केला, तो चालवला कोणी, आणि टोपली घेऊन बसलेल्या कुणब्याच्या हातात संध्याकाळी काय उरले, हे तीन प्रश्न मला इतर अनेक सनावळ्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. त्यांची उत्तरे शोधायला फार लांबही जावे लागत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इ. स. १२०४ चे हे लेख रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले. बेळगावचे नाव तेव्हा वेणुग्राम होते. एका जैन मंदिराला, म्हणजे रट्ट जिनालयाला, दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. वेणुग्रामच्या पेठेतील व्यापारी एकत्र जमले आणि आपल्या मालावर ठरावीक हिस्सा देवळाला देण्याचे त्यांनी मान्य केले. त्यांत स्थानिक लोक तर होतेच. पण लाट, म्हणजे दक्षिण गुजरात, आणि मलयाळ, म्हणजे केरळ, येथून आलेले व्यापारीही होते. धान्य, विड्याची पाने, सुपारी, तेल अशा रोजच्या जिनसांवर हा हिस्सा होता. आठशे वर्षांपूर्वी या गावच्या पेठेत निदान तीन-चार भाषा एका वेळी बोलल्या जात असणार, हे या लेखावरून उघड दिसते. बेळगाव एकभाषी होते की द्विभाषी, या वादात मला पडायचे नाही. दगड काय सांगतो तेवढे मी सांगितले.

या लेखात आणखी एक गोष्ट दिसते. बाजारात येणाऱ्या प्रत्येक मालातून काहीतरी काढून घेण्याची रीत तितकीच जुनी आहे. घेणारा बदलत गेला. कधी देऊळ, कधी शेटे, कधी संस्थानिक, कधी म्युनिसिपालिटी, कधी अडत्या. देणारा मात्र शेवटी एकच, हे पुढे येईलच.

मराठेशाहीत नवी पेठ वसवणे हे मोठ्या जबाबदारीचे काम होते. सरकारातून कौल मिळवावा लागे. या कौलात नव्या पेठेत येऊन दुकान मांडणाऱ्यांना काही वर्षे जकात व इतर पट्ट्या माफ असत आणि मग हळूहळू वसुली वाढवत नेत. ओसाड जमीन लागवडीला आणण्यासाठी जसा इस्ताव्याचा कौल, तसाच हा. पेठ वसवणाऱ्याला शेटेपणाचे किंवा महाजनकीचे वतन मिळे. शेटे-महाजनांनी बाहेरगावच्या उदम्यांना बोलावून आणायचे, त्यांना जागा नेमून द्यायची, मापे खरी आहेत की खोटी ते पाहायचे, तंटे मिटवायचे. त्याबद्दल त्यांना दर दुकानामागे हक्क असे. धान्यवाल्याकडून पसाभर धान्य, माळ्याकडून मूठभर भाजी, तांबोळ्याकडून पाने, तेल्याकडून पळीभर तेल. हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चाले, विकला जाई, भावाभावांत वाटला जाई, आणि त्यावरून झालेल्या भांडणांच्या कागदांनी आपली दप्तरे भरली आहेत.

पेठेला वार कसा मिळे? हा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या मुलांना विचारतो. बहुतेकजण देवाचे नाव घेतात. देवाचा संबंध काही ठिकाणी असतोही, पण खरे गणित चालण्याचे होते. बैलाच्या पाठीवर गोणी टाकून फिरणारा व्यापारी एका गावचा बाजार उरकून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पोचला पाहिजे. म्हणून एका दिवसाच्या चालीच्या आत असलेल्या दोन गावांचा वार सहसा एक नसे. वार जुळला तर एक बाजार मरे. मीठवाला, कापडवाला, बांगड्यांचा कासार हे सगळे या साखळीत फिरत. शेतकरी मात्र आपल्या जवळच्या बाजारापुरता. म्हापशाचा शुक्रवार, पेठ वडगावचा जनावरांचा सोमवार ही नावे आजही लोकांच्या तोंडी गावाच्या नावासारखी येतात. पुण्यात तर पेठांनाच वारांची नावे मिळाली. त्यांतली शुक्रवार पेठ १७३४ साली जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. आमच्या बेळगावात रविवार पेठ आणि शनिवार खूट आहे. त्या त्या दिवशी आता तिथे विशेष काही घडत नसेल, पण नाव टिकून आहे.

गावगाड्यात बलुतेदाराला धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. रोकड दिसे ती बाजारात. सरकारचा सारा रोकडीत भरायचा, मीठ आणि लोखंड विकत आणायचे, तेव्हा काहीतरी विकणे भागच होते. याची एक बाजू फारशी कोणी लिहीत नाही. परड्यातली भाजी, कोंबडी, अंडी, लोणी यांचे पैसे बाईच्या हातात येत. शेताचा सातबारा नवऱ्याच्या नावे, अडतीची पट्टी नवऱ्याच्या नावे. पण आठवड्याच्या बाजारातल्या टोपलीचे पैसे तिच्या कनवटीला. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलींची फी या कनवटीतून आली आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो.

संस्थानिकांच्या काळात बाजार वसवण्याला वेगळे वळण लागले. शहापूर हे बेळगावला अगदी लागून, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात. म्हणजे बेळगावचा माणूस सोने-कापड घ्यायला पायी शहापुरात गेला की इंग्रजांच्या राज्याबाहेर पडे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली. तिथे गुळाचा व्यापार वाढला आणि कोल्हापूरच्या गुळाचे नाव देशभर झाले. पुढे १९१७ साली त्यांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने जयसिंगपूर वसवले, तेही व्यापारी गाव म्हणूनच. महाराजांची दृष्टी अशी होती की पेठ आपल्या मुलखात असेल तर शेतकऱ्याचा माल परक्याच्या दारात जाणार नाही. ती बरोबर ठरली. पण पेठ आली की तिच्याबरोबर अडत आली, आणि अडतीबरोबर उचल आली. ऊस उभा असतानाच अडत्याकडून पैसे घ्यायचे आणि गूळ त्याच्याच दुकानी लावायचा. अडत्या नडीला उभा राहतो हेही खरे, आणि ज्याच्याकडून पैसे उचलले त्याच्यापुढे भावासाठी तोंड उघडता येत नाही हेही खरे. यांतले एकच सांगणारे लोक मला अर्धवट वाटतात.

शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याची दशा सर्वांत आधी कोणी स्वच्छ शब्दांत मांडली असेल तर जोतीराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचे पैसे दलालाच्या लबाड वजनात आणि म्युनिसिपालिटीच्या जकातीत कसे जिरतात आणि गाडीभाडेही त्याच्या अंगावर कसे पडते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. जोतीराव स्वतः पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद राहिले होते, त्यामुळे हे ऐकीव नव्हते. पुढे १८८६ च्या सुमारास पुण्यात जी रे मार्केटची इमारत उभी राहिली, तिला आज महात्मा फुले मंडई म्हणतात.

आता त्या काळच्या सौद्याची रीत सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ती खोटी वाटते. शेतकरी माल घेऊन येई. अडत्या आणि खरीददार एका रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. मालाचा धनी शेजारी उभा, पण भाव किती ठरला हे त्याला कळण्याची सोय नाही. नंतर पट्टी हाती येई. तिच्यात अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि वजनातली सूट म्हणजे कडता. शिवाय नमुना म्हणून काढलेला माल परत येत नसे तो निराळाच. मापांचीही तीच गत. शेर, पायली, मण, खंडी ही नावे सगळीकडे तीच, पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळेल याची शाश्वती नाही. घेताना एक माप आणि देताना दुसरे, ही म्हणण्यापुरती गोष्ट नव्हती.

सरकारने यात हात घातला तो शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस हवा होता. म्हणून १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातला पहिला मानतात. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस केली आणि १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. त्याच वाटेने १९६३ साली महाराष्ट्राचा आणि १९६६ साली कर्नाटकाचा, असे बाजार समित्यांचे आजचे कायदे आले. उघड लिलाव, परवानाधारक अडत्या, तपासलेले काटे, मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि समितीवर शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नाही. रुमाल गेला, ही लहान गोष्ट नव्हे. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि पायलीचा घोळही मिटला. पण ज्या कायद्याने माल यार्डातच विकला पाहिजे असे ठरवले, त्याच कायद्याने यार्डातल्या गाळेवाल्याला कायमचे गिऱ्हाईक बांधून दिले. समितीवरच्या निवडणुका कशा होतात हे सांगण्याची गरज नाही. आपण सर्वजण वर्तमानपत्रे वाचतो.

मधल्या काळात १९५६ ची राज्य पुनर्रचना आली. सीमाप्रश्नावर या अंकात इतरत्र लिहिलेले असेलच. मी बाजारापुरते बोलतो. चंदगड तालुका तोपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पण चंदगडच्या शेतकऱ्याला बेळगाव हाकेच्या अंतरावर आणि कोल्हापूर दूर. त्याने रताळ्याची पोती बेळगावलाच आणली आणि अजूनही आणतो. नवरात्राच्या आधी या रताळ्यांना उत्तरेकडची मागणी येते आणि लाल मातीच्या पोत्यांनी यार्ड भरून जाते. चंदगडचा कुणबी एका राज्यात सारा भरतो आणि दुसऱ्या राज्यात माल विकतो, मराठीत वाद घालतो आणि कानडीत आकडे मोजतो. हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु. नकाशा करणाऱ्यांनी त्याला विचारले नाही आणि त्यानेही नकाशाला विचारले नाही.

घाटाखाली हीच गोष्ट उलट दिसते. गोव्याची भाजी मुख्यतः बेळगावकडून जाते. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ही वाट तुटली आणि गोव्याला खाण्यापिण्याच्या जिनसा समुद्रावरून आणाव्या लागल्या. १९६१ च्या मुक्तीनंतर वाट पुन्हा वाहती झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि काही दिवस भाजीच्या गाड्या पुन्हा अडल्या. गोव्यात लोक भाजीसाठी रांगा लावत होते आणि आमच्याकडे कोबीत नांगर घालण्याची पाळी आली. कोबीचे शेत नांगरताना मी पाहिले आहे. त्याला बाजार नव्हता असे नाही. बाजार साठ मैलांवर होता.

बाजार असून नसल्यासारखा, याचे सर्वांत कडू उदाहरण निपाणीचे. तिथली तंबाखू नावाजलेली. पण भाव व्यापाऱ्याच्या मनावर, पैसे त्याच्या सवडीने, आणि घट तो म्हणेल ती. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक दिवस ते आंदोलन चालले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे शेतकरी तिथे एकत्र बसले होते. त्यांची मागणी भाषेची नव्हती, भावाची होती. या गोष्टीची आठवण दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना फारशी होत नाही.

मधला माणूस काढून टाकून शेतकरी आणि गिऱ्हाईक समोरासमोर आणायचे, हा प्रयोग पंजाब मंडी बोर्डाने १९८७ साली चंदीगडला 'अपनी मंडी' या नावाने केला. त्याचे मोठे रूप आपल्या हैदराबादकर वाचकांच्या परिचयाचे असेल. २६ जानेवारी १९९९ रोजी आंध्र प्रदेशात रयतु बाजार सुरू झाले. खेड्यात जाऊन अधिकाऱ्यांनी पीक पाहायचे आणि शेतकऱ्याला ओळखपत्र द्यायचे. बसायला जागा फुकट, काटा बाजाराचा, भाव सकाळी फळ्यावर लिहिलेला. हा भाव घाऊक भावापेक्षा थोडा जास्त आणि किरकोळ भावापेक्षा थोडा कमी, म्हणजे दोघांचाही फायदा. त्याच वर्षी तामिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै सुरू झाले. 'संदै' म्हणजे आपली संतेच. पण २००१ मध्ये तिथले सरकार बदलले आणि हे बाजार दुर्लक्षित झाले; २००६ मध्ये जुने सरकार परत आल्यावर त्यांना पुन्हा जीव आला. यावरून दिसते की सरकारने सुरू केलेला बाजार सरकारबरोबर आजारी पडतो. महाराष्ट्राने २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शेतकरी आठवडे बाजारांना संत सावता माळी यांचे नाव दिले. नाव छान निवडले, यात शंका नाही.

या सगळ्या प्रयोगांची दुखणी सारखीच आहेत. पहिले, खरा शेतकरी रोज बाजारात बसू शकत नाही. त्याला शेतही पाहावे लागते. त्यामुळे त्याच्या ओळखपत्रावर दुसराच कोणी बसतो. दुसरे, एका शेतात एका वेळी एकच माल निघतो. गिऱ्हाइकाला मात्र एका जागी दहा भाज्या हव्या असतात. पाच-सात घरांनी मिळून माल आणला आणि आळीपाळीने दोघे बसले तर हे जमते. आमच्याकडच्या भावक्यांनी कोणत्याही योजनेशिवाय हे वर्षानुवर्षे केले आहे. तिसरे, उरलेला माल. संध्याकाळी चार वाजता मेथीची पेंडी काय किमतीला जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला शेतमालाच्या भावावर वेगळे व्याख्यान नको.

बेळगावातही या काळात उलथापालथ झाली. कँपातला घाऊक भाजीबाजार २०१९ साली मार्केट यार्डात गेला. २०२० मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून यार्डाबाहेरच्या व्यापाराला वाट दिली आणि २०२२ मध्ये शहरात खासगी घाऊक भाजीबाजार उघडला. त्यावरून मोर्चे निघाले, धरणी झाली. दोन्ही बाजू शेतकऱ्याचे नाव घेत होत्या. माझे मत विचाराल तर दोन बाजार असणे एकापेक्षा बरे, पण दोन्हीकडे तोच अडत्या बसणार असेल तर पाटी बदलली एवढेच.

या साऱ्या गदारोळात खेड्यातला आठवड्याचा बाजार कोणाच्या अजेंड्यावर नाही. तो ना समितीचा ना कंपनीचा, तो पंचायतीचा. पंचायत दरवर्षी बाजारपट्टी वसूल करण्याचा हक्क लिलावाने देते. ज्याची बोली जास्त तो मक्तेदार. तो सकाळी पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि दर टोपलीमागे पैसे घेतो. पावती फाडलीच पाहिजे असा नियम आहे. जुन्या शेट्याच्या मूठभर भाजीचा हक्क आणि जकातीचा इजारा, दोन्ही या एका माणसात उतरले आहेत. फरक इतकाच की शेट्याला निदान मापे तपासायची होती, तंटे मिटवायचे होते.

गेल्या वर्षी मी मुलांना बाजारात पाठवले होते, शब्द आणि मापे गोळा करायला. वाटा, पेंडी, ढीग, भवानी, वर घातलेली मिरची असे शंभरावर शब्द त्यांनी आणले. त्यांच्याबरोबर एक मुलगी बाजाराच्या लिलावाची जाहीर सूचनाही उतरवून घेऊन आली. तिच्यात अनामत रक्कम होती, हप्ते होते, उशीर झाल्यास व्याज होते, मक्तेदाराच्या अधिकारांची यादी होती. विकणाऱ्यांसाठी सावली, पाणी, संडास यांचा उल्लेख कुठे नव्हता. तिने वहीत खाली एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: आई बाजारच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही.